आहे तसे बसणारी माणसं

"अहो, बनियनची खूण कुठे गेली?"

यशवंतराव पालथे पडले होते आणि मी त्यांच्या पाठीला मलम चोळत होते. दुकानात ताग्यांची चळत हलवताना पाठीत लचक भरली होती. उशीत तोंड खुपसूनच ते म्हणाले, "कसली खूण?"

"पाठीवरची. मान काळी, दंड काळे आणि मधला बनियनएवढा भाग गोरा, अशी तुमची पाठ मी लग्नापासून बघतेय. रोज सकाळी बनियनवर गच्चीतल्या झाडांना पाणी घालता ना! आता सगळी पाठ एका रंगाची झालीय."

"वय झालं."

"वयानं केस पांढरे होतात. पाठ काळी होत नाही."

 ते लुंगी कमरेशी घट्ट आवळून उठले आणि "पुरे आता, बरं वाटतंय" म्हणून शर्ट चढवला. पाठ धड चोळूनही झाली नव्हती. मी मलमाची डबी हातात धरून बसून राहिले आणि मनात म्हटलं, कुमुद, पाणी कुठेतरी मुरतंय.

माझा स्वभाव मुळात संशयी आहे, ते मी कधी नाकारलं नाही. दूधवाला माप ओतताना मी त्याच्या अंगठ्याकडे बघते. नाशिकच्या मेनरोडवर आमचं 'निकुंभ क्लॉथ स्टोअर्स' होतं, तिथे दुपारी गल्ल्यावर मी बसायची. कोणतं गिऱ्हाईक घ्यायला आलंय आणि कोणतं नुसतं ताग्यांवरून हात फिरवायला, ते पायरी चढतानाच ओळखायची. नवऱ्याच्या बाबतीत मात्र हे कसब वापरायची वेळ आली नव्हती. इतका लाजाळू माणूस मी दुसरा पाहिला नाही. खोलीचं दार बंद, घरात मी एकटी, तरी कपडे बदलताना टॉवेल दातात धरणार. दोन मुलं झाली, तीही दिवा मालवूनच. अशा माणसावर कोण आणि कसला संशय घेणार?

पण एकदा किल्ली फिरली की मागचं सगळं आठवायला लागतं. दुकान मंगळवारी बंद असायचं. वर्षभरापासून दर मंगळवारी यशवंतराव सकाळी स्कूटर काढायचे आणि उन्हं उतरल्यावर परत यायचे.

"कुठे जाता?" असं मी पूर्वीच विचारलं होतं.

"गिरणारे रस्त्याला. देवलबाईंच्या मळ्यात."

"तिथे काय?"

"काही नाही. चार लोक येतात. बसतो."

"बसता म्हणजे?"

"बसतो म्हणजे बसतो, कुमुद. पिऊन आल्याचा वास कधी आलाय का?"

वास आला नव्हता हे खरं. उलट जाताना पिशवीत एक मोठा पंचा घेऊन जायचे. दारू प्यायला पंचा घेऊन कोणी जात नाही. तेव्हा मी ते सोडून दिलं होतं.

आणखी एक गोष्ट आठवली. शेजारच्या गायधनींचा दोन वर्षांचा नातू न्हाणीघरातून निसटून तसाच आमच्या ओट्यावर आला होता. आम्ही सगळ्या बायका टाळ्या पिटून "शेम शेम, नागडा बाळ!" म्हणून त्याला चिडवत होतो. यशवंतराव आतून आले आणि कधी नव्हे ते चिडले. "नागडा काय म्हणता त्याला? तो आहे तसा आहे," म्हणाले. पोराला उचलून त्याच्या आजीकडे देऊन आले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ज्या घराण्याच्या पाच पिढ्या लोकांना कपडे घालण्यात गेल्या, त्यातला हा शिंपी, आणि त्याला त्या शब्दाचा एवढा राग!

दुसऱ्याच दिवशी मी पंचवटीत वत्सलावन्संकडे गेले. यांची थोरली बहीण. सासूबाई गेल्यापासून आईच्या जागी. त्या वाल सोलत बसल्या होत्या. मीही चार शेंगा हातात घेतल्या आणि विचारलं, "वन्सं, तुमचा भाऊ मंगळवारी कुठे जातो, ठाऊक आहे तुम्हाला?"

"जात असेल कुठेतरी. पुरुषमाणूस आहे."

"पाठीचा रंग बदललाय त्यांच्या."

वन्संचे हात थांबले. मग म्हणाल्या, "बसू दे गं त्याला उन्हात. तुला काय त्रास आहे त्याचा?"

मी उन्हाचं नावही काढलं नव्हतं.

"ऊन? कसलं ऊन?" मी विचारलं.

"अगं, आपलं म्हटलं मी. पाठ काळी उन्हानंच होते ना?"

"काळी झाली असं कुठे म्हणाले मी?"

वन्संनी सुपातले वाल उगाच पाखडायला घेतले. "कुमुद, तू शहाणी आहेस. इतकी वर्षं जे झाकून नेलंस, ते आता कशाला उकरतेस?"

मी काय झाकून नेलं होतं? मला तर काही ठाऊकच नव्हतं! म्हणजे सगळ्या घराला माहीत असलेलं काहीतरी होतं आणि ते मलाही माहीत आहे असं वन्सं धरून चालल्या होत्या. बाई! दुसरं काय असणार? लग्नाआधीची कुणीतरी असणार, तिची सोय त्या मळ्यात लावलेली असणार, आणि ही शहाणी कुमुद सगळं पोटात घालून संसार करतेय अशी या लोकांची समजूत असणार.  वालाची शेंग तशीच सुपात टाकून मी उठले. वन्सं "चहा तरी घे" म्हणाल्या, तो घेतला नाही.

मंगळवारी यशवंतराव स्कूटरवरून गेले आणि मी त्यांच्या मागून गिरणाऱ्याची एसटी धरली. खोटं कशाला बोलू, रडू येत होतं. पण लोकांसमोर रडायची सवय नव्हती. त्यांना ती हवी असेल तर मी माहेरी सिन्नरला जायचं, इथवर मी एसटीत ठरवून टाकलं होतं. कोणती भांडी न्यायची तेही ठरवलं होतं.

मळा शोधायला त्रास पडला नाही. चारी बाजूंनी बांबूचं दाट कुंपण आणि पत्र्याचं आंधळं फाटक. भर दिवसा फाटकाला आतून कडी! मी ती वाजवत राहिले. शेवटी एका सत्तरीच्या बाईनं दार किलकिलं केलं. अंगात गाऊन, खांद्यावर पंचा, पांढरे केस मोकळे सोडलेले.

"कोण हवंय?"

"मी यशवंत निकुंभांची बायको. ते आत आहेत. नाहीत म्हणू नका, स्कूटर दिसतेय मला."

"नाही कशाला म्हणू? या," त्या म्हणाल्या. "मी लीला देवल. हा माझा मळा. इथे पडवीत टेका जरा."

पडवीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी बांधली होती. तिच्यावर शर्ट, पायजमे, दोन साड्या, परकर आणि आतले कपडेसुद्धा नीट घड्या घालून टाकले होते. मधोमध यशवंतरावांचा आकाशी शर्ट होता. मीच कापड निवडून शिवून घेतला होता. त्याच्या शेजारी कुणाचीतरी पिवळी साडी. 

"कपडे इथे आहेत," मी म्हटलं, "मग माणसं कशात आहेत?"

"माणसं बागेत आहेत. आहे तशी."

हाच तो शब्द. यशवंतरावांनी गायधनींच्या नातवाला लावलेला. आमच्या घरात तो कुठून शिरला ते आता कळलं.

"आहे तशी म्हणजे नागडी ना?"

"तो शब्द आम्ही इथे वापरत नाही."

"का? शब्दानं काय घोडं मारलंय?"

"नागडं म्हटलं की कुणीतरी हसतंच. लहानपणापासून चिडवायलाच वापरलाय तो आपण."

"मग उघडी म्हणा."

"उघडं पडतं ते चोराचं बिंग. आम्ही काही चोरी केलेली नाही."

"बरं. नग्न?"

"तो पेपरवाल्यांचा."

"विवस्त्र?"

देवलबाईंनी मान हलवली. "विवस्त्र दुसरा कुणीतरी करतो, जबरदस्तीनं. आपणहून कुणी विवस्त्र होत नाही."

"मग दिगंबर म्हणा की! एकदम देवाच्या पंक्तीला जाऊन बसाल."

"ते मुनींनी म्हणावं. आमची कुठे तेवढी योग्यता? इथे डब्यातलं लोणचं पुरलं नाही तरी रुसवे होतात." त्या माझ्याशेजारी पंचा पसरून त्यावर बसल्या. "खूप घोळ घातला आम्ही यावर. शेवटी आमच्यातले एक रिटायर्ड पोस्टमास्तर म्हणाले, आपण आहे तसे बसतो, एवढंच म्हणा ना. तेव्हापासून तेच. बाहेरच्यांना आम्ही कपड्यातले म्हणतो."

"मी कपड्यातलीच आहे," मी म्हटलं. "मेनरोडवर दुकान आहे आमचं. आणि ऐका देवलबाई, आमच्या धंद्यात डाग पडलेल्या मालाला डागी कुणी म्हणत नाही. सेकंड म्हणतात. शब्द जितका गुळगुळीत, तितका माल तपासून घ्यावा, असं मला सासऱ्यांनी शिकवलंय. ती पिवळी साडी कुणाची?"

"पोस्टमास्तरांच्या मिसेसची."

"नवरा-बायको दोघं येतात?"

"बहुतेक सगळे जोडीनंच येतात. तुमचे यजमान एकटे येतात."

"का येतात एकटे?"

"ते त्यांना विचारा. इथे एकमेकांच्या अंगाविषयी बोलायचं नाही असा नियम आहे. बघायचंही नाही, विचारायचंही नाही." त्या उठल्या आणि पडवीच्या पायरीवरून त्यांनी हाक मारली, "यशवंतराव, घरचं माणूस आलंय! कपड्यातलं!"

तेवढ्यात बागेत एकच धांदल झालेली ऐकू आली. पंचे सापडेनात, कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. थोड्या वेळानं यशवंतराव कमरेला पंचा गुंडाळून आले. माझ्याकडे बघितलं आणि दोरीवरचे कपडे घेऊन आतल्या खोलीत गेले. तिथेसुद्धा दार लावून घेतलं! बाहेर आले ते शर्टाची बटणं खालीवर लावून. देवलबाई "मी चहाचं बघते" म्हणून मागे गेल्या.

आम्ही दोघं पडवीमागच्या पेरूच्या झाडाखाली जाऊन उभे राहिलो. तिथून बागेतलं कुणी दिसत नव्हतं.

"कोण आहे ती?" मी विचारलं.

"कोण?"

"जिच्यासाठी येता ती. वन्संना ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. मला एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या, म्हणजे मी सिन्नरला जायला मोकळी."

त्यांना खरोखरच काही समजलेलं दिसलं नाही. "अगं, कसली ती? मी उन्हात बसायला येतो. देवलबाई कातडीच्या डॉक्टर आहेत. तेल लावून उन्हात बसा म्हणाल्या. शहरात कुठे बसणार, म्हणून इथे बोलावलं."

"ऊन आपल्या गच्चीवर नाही?"

"आहे. पण गच्चीवर तू असतेस."

असं घाव घातल्यासारखं बोलणं त्यांच्याकडून मी कधी ऐकलं नव्हतं.  "माझी एवढी अडचण होते?"

"तुझी नाही गं. तुला होते. तुला बघवत नाही ना, म्हणून." त्यांनी मान खाली घातली. "तू कधी बोलून दाखवलं नाहीस, हे उपकारच आहेत. पण मला काय कळत नाही?"

"काय बघवत नाही मला?"

"कुमुद, आता तरी नको ना."

"काय बघवत नाही? बोला स्पष्ट!"

"माझं कोड," ते म्हणाले.

"कसलं कोड?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी थट्टा करतेय की काय असं आधी त्यांना वाटलं असावं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "अण्णांनी तुला सांगितलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते जाऊन बारा वर्षं झाली होती.

"काय सांगायचं होतं त्यांनी?"

आणि मग यशवंतराव एकेक सांगत गेले. आमचा बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती कळली, आणि सुपारी फुटायच्या आधी हे एकटे सिन्नरला आले होते. अण्णांना माजघरात घेऊन गेले, दार लावलं आणि कमरेखालचे डाग दाखवले. म्हणाले, फसवून लग्न करायचं नाही मला, मुलीला विचारा. मुलीला प्रत्यक्ष विचारायची तेव्हा आमच्यात पद्धत नव्हती. मुलाचं बोलणं मुलीच्या बापाशी, मुलीचं उत्तर बापाच्या तोंडून. अण्णा म्हणाले, विचारतो. दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप गेला, 'मुलीची हरकत नाही.'

"मला कुणी विचारलं नाही," मी म्हटलं.  "देवाशप्पथ, मला कुणी काही विचारलं नाही."

"अगं, मग पहिल्या रात्री तू भिंतीकडे तोंड का केलंस?"

"आईनं सांगितलं होतं. नवरा कपडे बदलायला लागला की आपण तोंड फिरवावं."

"आणि दिवा? दिवा तूच मालवायचीस."

"लाज वाटायची म्हणून!"

"मला वाटलं, हो म्हणाली हेच खूप. बघायची सक्ती कशाला करायची? म्हणून झाकून झाकून राहिलो. टॉवेल काय, लुंगी काय. तुला किळस येऊ नये म्हणून," ते म्हणाले आणि पेरूच्या बुंध्याला टेकून खाली बसले.

मी दूधवाल्याच्या अंगठ्यावर नजर ठेवणारी बाई. आणि माझ्याच घरात एक माणूस इतकी वर्षं माझ्यावर संशय घेऊन जगत होता, की हिला आपली किळस येते. रोज रात्री मी कूस बदलली की त्याचा संशय खरा ठरत होता. मला अण्णांचा असा संताप आला की ते समोर असते तर मी काय बोलले असते ते मला सांगता येत नाही. आणि यांची इतकी दया आली की तीही सांगता येत नाही.

"त्या लोकांना दाखवलंत," मी म्हटलं. "पोस्टमास्तरला दाखवलंत. मला नाही."

"पोस्टमास्तरानं तोंड फिरवलं असतं तर माझं काय जाणार होतं?"

 मी पदरानं डोळे पुसले. मग म्हटलं, "उठा. दाखवा."

"इथे?"

"इथे. कुंपण आहे, कुणी बघायचं नाही असा नियम आहे. आणि मी तोंड फिरवणार नाही."

 त्यांच्या पायजम्याच्या नाडीची गाठ सुटेना, तेव्हा मीच सोडवली. कमरेखाली, मांड्यांवर, एका गुडघ्यापर्यंत पांढरे डाग होते. काही बशीएवढे, काही पसरत जाऊन एकमेकांत मिसळलेले. उन्हानं त्यांच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. चांगल्या कातडीच्या रंगापुढे ते अगदी डोळ्यांत भरत होते. मी निरखून बघितलं. खाली बसून बघितलं. सुंदर आहेत असं काही मी म्हणणार नाही. पण माझं अर्धं आयुष्य अंधारात घालवण्याएवढं त्यात काय होतं, ते मला काही दिसलं नाही.

"एक विचारू?" ते वरून म्हणाले. "अण्णांनी तेव्हा तुला विचारलं असतं, तर हो म्हणाली असतीस?"

खोटं बोलणं सोपं होतं. समोर हा माणूस असा उभा असताना ते पुण्यही ठरलं असतं. पण मला माझा एकोणीस वर्षांचा तोरा आठवत होता. सिन्नरला आमच्या गल्लीत कोड असलेली एक बाई होती, तिच्या हातचं पाणी आम्ही पोरी पीत नव्हतो.

"नाही," मी म्हटलं. "नसते म्हणाले."

त्यांनी मान हलवली. चिडले नाहीत, डोळ्यांत पाणीही आलं नाही. उलट जरा सैलावल्यासारखे वाटले. "मला वाटलंच होतं," म्हणाले. मग म्हणाले, "आणि आज विचारलं असतं तर?"

"आज विचारायला अण्णा नाहीत," मी म्हटलं. "मध्यस्थही नाही. तुम्हालाच विचारावं लागेल."

ते गोंधळले. "मी? काय विचारू?"

"तेव्हा जे विचारायला सिन्नरला आला होतात, ते. सगळं. पहिल्यापासून."

मागच्या बाजूला देवलबाईंनी कपबश्या वाजवल्या, पण आमच्याकडे कुणी आलं नाही. यशवंतरावांनी घसा साफ केला. नाव, गाव, दुकान, इथपासून सुरुवात केली. डागांपाशी येऊन अडखळले, थांबले, मला वाटलं आता राहतंय. पण पुन्हा सुरू केलं आणि शेवटी माझ्याकडे बघून, "तुला चालेन का?" असं विचारलं. मला हो म्हणायची घाई झाली होती. तरी त्यांचं सगळं बोलून होऊ दिलं, आणि मग हो म्हटलं.